निळ्या होडीतली बद्द जागा

होडीचं कळल्यापासून मला झोप नव्हती. डोळा लागला की आमची चार वर्षांची लेक वैजू पाण्यात दिसायची, फ्रॉक फुग्यासारखा वर आलेला. माझी झोप उडायला होडीच लागते असंही नाही. पंखा निखळेल, साबुदाणा घशात अडकेल, कारखान्याचा वास तिच्या छातीत जाऊन बसेल, या काळज्या मी आळीपाळीने करतच असते. त्यामुळे आमच्या घरात माझ्या भीतीला कुणी विचारत नाही. बी.एस्सी. झालेली बाई इतकी कशी घाबरते, हे मलाही कळलेलं नाही.

पण त्या वेळी भीतीपेक्षा राग मोठा होता. माझा नवरा चंद्रभान बोईसरला एका कारखान्यात इंजिनीअर. जन्म जालन्याचा, पोहता येत नाही. आणि या माणसाने सातपाटीला एक जुनी शिडाची होडी विकत घ्यायला हेरून ठेवली होती. पुढच्या रविवारी पहिली फेरी, वैजूला घेऊन. मला विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

"आधी मी होडी बघणार," मी म्हटलं.

भर दुपारी गेलो. खाडीकाठी बांबूंवर बोंबील वाळत होते आणि वास इतका दाट होता की वैजूने माझा पदर नाकाला लावला. होडी टेकूंवर उभी होती. निळी, देखणी. मुंबईच्या कुणा शेठची. शेठ फिरकत नव्हता, देखभाल नामदेवकडे होती.

"लाकडाची नाय वैनी, फायबरची हाय," नामदेव म्हणाला. "सडायचा सवालच नाय."

"लाकूड आहे," चंद्रभानने मला शिकवायला सुरुवात केली. "बाहेर फायबरग्लास, आत फायबरग्लास, मध्ये हलक्या लाकडाचा थर. सँडविच समज."

"त्या मधल्या थरात काही शिरलं तर?"

"शिरेल कसं?"

"शिरलं तर बाहेर कसं येणार?"

तो शिडाच्या काठीकडे बघायला लागला.

मला होड्यांतलं काही कळत नाही. माठातलं कळतं. माठ घेताना वाजवतात तशी मी बोटाच्या पेराने होडीची कूस वाजवत निघाले. टण. टण. टण. आणि मग बद्द.

परत वाजवलं. बद्द.

जवळच बोंबील उलटणारी नर्मदा म्हणून एक म्हातारी होती. ती ओरडली, "कुनाचं दार ठोकतेस गो बाय?" बाकीच्या बायका हसल्या.

मी चिडून पर्समधून वैजूचा खडू काढला. जिथे बद्द वाजे तिथे एक ठिपका, जिथे टण वाजे तिथे नाही. नामदेव बाजूला उभा राहून हसत ऐकत होता. ठिपके संपले तेव्हा कडेकडेने रेघ ओढली आणि मागे सरले.

कुशीवर झोपलेलं मूल. गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. उंची वैजूएवढी.

"अहो... हे बघा."

"काय बघू? ओल आहे थोडी. भोकं पाडून वाळवतो, राळ भरतो."

"त्याचा आकार बघा."

"उद्या तुला पापडावर मारुती दिसेल."

माझ्या तोंडून काय काय गेलं असतं कोण जाणे. वैजूला म्हटलं, तिथे सावलीत बस, उठू नकोस. ती होडीला पाठ टेकून बसली, नेमकी त्या रेघेच्या खाली. आम्ही चार पावलं लांब जाऊन दात आवळून भांडलो. लोकांसमोर भांडायचं म्हणजे आवाज चढवता येत नाही, मग सगळा राग मानेत भरतो. मी म्हटलं, माझी मुलगी त्यात बसणार नाही. तो म्हणाला, तुझ्या भीतीपायी ती मुलगी घराच्या उंबऱ्यातच म्हातारी होईल. हे मला लागलं, कारण तसं होईलही.

मग तो तरातरा गेला आणि ठिपक्यांच्या मधोमध त्याने पेर मारलं.

टण.

सगळीकडे मारलं. टण. टण. वैजूला उठवून तिच्या पाठीमागची जागा वाजवली. तिथेही टण. मी स्वतः वाजवलं, हात दुखेपर्यंत. होडी नव्या माठासारखी वाजत होती आणि तिच्यावर माझा खडू पांढरा दिसत होता.

नामदेव आता हसत नव्हता. "मगाशी बद्द वाजला... मी बी ऐकला," तो हळूच म्हणाला.

"ऊन लागलं की लाकूड सुकतं," चंद्रभान म्हणाला. जिंकल्यावर तो फार दयाळू होतो. माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी झटकला.

निघताना नर्मदाने पुन्हा चिडवलं, "कोन नाय वाटतं आता घरात?" या वेळी कुणी हसलं नाही.

पालघरच्या एस.टी.त चंद्रभान पुढच्या बाकावर बसला आणि शेजारच्याला वाऱ्याच्या दिशा समजावू लागला. वैजू माझ्या मांडीवर आडवी झाली. आज जड लागत होती. फ्रॉक पाठीवर गार, ओला होता. सावलीत बसली म्हणून, मी स्वतःला सांगितलं. पण होडी तर वरून कोरडी ठणठणीत होती. फ्रॉकला वास येत होता, मोरीतल्या जुन्या लाकडी पाटाला येतो तसा. तिने गुडघे पोटाशी घेतले, हनुवटी छातीला लावली.

लेकराच्या पाठीचा आवाज आईच्या हाताला पाठ असतो. चार वर्षं रोज थोपटलेली पाठ ती. मी हात टेकवला, थोपटलं.

बद्द.

हात थोडा वर नेला. पुन्हा बद्द.

"वैजू..." मी म्हटलं. "झोप हं, बाळा."

तिने डोळे उघडले. माझं मनगट धरलं आणि ती झोपलेली असताना मी शेजारणीला दटावते ना, अगदी त्याच सुरात कुजबुजली,

"हळू थोपट ना, आई. ती आत्ता कुठे झोपलीय."