बाहेरून फिरणारा स्क्रू

शेवटी त्या दोघांचं लग्न ठरलं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण त्या शनिवारी सकाळी वरकरणी तो गॅरेजवालीचं फक्त एक गिऱ्हाईक होता – सलग नवव्या शनिवारी गाडी ढकलत आणणारं.

चौकापलीकडे त्याचं चष्म्याचं दुकान. मोटरसायकल बावीस वर्षांची, मामाकडून आलेली. आजार एकच : थांबली की बंद पडते.

गॅरेजच्या बाकावर नेहमीची शनिवारची संसद भरली होती. नवं इंजिन येतंय म्हणे! बातमी दातांच्या डॉक्टरांनी आणली होती. त्यांना ती एका पेशंटने सांगितली, तोंडात कापसाचे बोळे असताना. त्यामुळे तपशील जरा ओलसर होते.

"पाच वर्षं हात लावायचा नाही," डॉक्टर म्हणाले. "सीलबंद! बाहेर एक स्क्रू नाही. मी तर गाडी विकतोय."

"आणि शनिवारी काय करणार?" पोस्टमनकाका भडकले. "घरी बसणार?"

"बसू की."

"बसून बघा एकदा!"

गॅरेजवालीचे बाबा पंक्चर काढता काढता खो खो हसले. ती हसली नाही. चष्मेवाला हे सगळं फार लक्ष देऊन ऐकत होता… फारच.

"तुम्ही घेणार?" तिने कार्बोरेटरलाच विचारल्यासारखं विचारलं.

"विचार करतोय. तुमचं काय मत?"

मत! खरं मत एकच होतं : ही गाडी विका, नवी घ्या. गिऱ्हाइकाशी ती कधी खोटं बोलत नसे – निदान तोंडाने. पण नवी गाडी म्हणजे दहावा शनिवार नाही. तिला एकदम पेट्रोलचा वास डोळ्यांत गेल्यासारखं झालं.

"घ्या," ती म्हणाली. "या गाडीत आता काही—"

आणि थांबली. गाडी थांबली तरी इंजिन चालू ठेवणाऱ्या कार्बोरेटरच्या स्क्रूवर बारीक ओरखडे होते. गॅरेजमधला स्क्रू ड्रायव्हर अंगठ्याएवढा रुंद. हे काम केसाएवढ्या पात्याचं. तिने चष्मेवाल्याच्या खिशाकडे पाहिलं. तिथे चष्म्याच्या काड्या आवळायचा इवलासा स्क्रू ड्रायव्हर पेनासारखा ऐटीत बसला होता.

"हा स्क्रू कोण फिरवतं?"

"हादऱ्यांनी… फिरत असेल."

"दर शुक्रवारी? दोन फेरे?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अडीच," तो म्हणाला.

गॅरेजवालीने एप्रनच्या खिशातून एक स्प्रिंग काढून त्याच्या तळहातावर ठेवली. तिची बोटं काळी होती.

"ही त्या स्क्रूखाली असते. ढिला होऊ नये म्हणून. तिसऱ्याच शनिवारी काढून ठेवली मी."

"म्हणजे… मी उगाच फिरवत होतो?"

"उगाच कसं? तुम्ही फिरवलाच नसता, तर मला कळलं कसं असतं?"

"आणि मी नऊ शनिवार डोकं खाजवतोय," बाबा म्हणाले, "की पोरीला एक कार्बोरेटर का जमेना!"

संध्याकाळी नजर तपासायच्या कार्डाच्या पाठीमागे दोघांनी मिळून अर्ज लिहिला :

प्रति, मुख्य अभियंता, नवीन इंजिन विभाग (असल्यास). महोदय, सदर इंजिनात किमान एक स्क्रू बाहेरून, चष्म्याच्या स्क्रू ड्रायव्हरने, अडीच फेरे ढिला करता येईल असा ठेवण्यात यावा व त्याखाली स्प्रिंग बसवू नये, ही नम्र विनंती. अर्जदारांची सोय झाली आहे. अर्ज इतरांसाठी आहे.