मी म्हणेपर्यंत सोडू नका

माझा क्लच गेला तेव्हा मी हिंगोलीच्या सेनगाव नाक्यावर, बरोबर गतिरोधकाच्या डोक्यावर होते. मागे हळदीची पोती लादलेले तीन ट्रॅक्टर. पायडल दाबलं तर ते लोण्यात बोट जावं तसं खाली गेलं... आणि वर आलंच नाही. गिअर पडेना. गाडी बंद. ट्रॅक्टरवाल्यांनी एका सुरात हॉर्न धरले. साखरा गावच्या आरोग्य उपकेंद्रात मी नर्स आहे, रडणाऱ्या पोरांना सुया टोचताना माझा हात कधी थरथरत नाही. पण त्या दिवशी माझे कान तापले.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

"मॅडम, क्लचवरून पाय काढा."

"काढलाय!"

"मग ते खालीच काहून बसलं?"

"तेच तर मी तुमाला विचारून राहिले!"

तो हसला. सावळा चेहरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर ऑइलचा एक फराटा. त्याने मागच्या ट्रॅक्टरवाल्याला हाताने "थांब ना बाबा" केलं आणि एकट्याने माझी गाडी ढकलत तीसेक पावलांवरच्या गॅरेजात नेली. मी आत बसून फक्त स्टेअरिंग धरलं होतं. आरशात मला त्याचं वाकलेलं डोकं दिसत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मी रस्त्यापेक्षा आरशातच जास्त बघत होते.

त्याने बॉनेट उघडून एका छोट्या डबीकडे बोट दाखवलं. "हे बघा, क्लचचं ऑइल तळाला गेलं. लाइनीनं एअर पकडली. ऑइल ढकलायचं सोडून तुमी हवाच ढकलून राहिल्या, म्हणून पायडल मऊ पडलं."

"मग हवा काढा."

"काढतो. पण हे दोन माणसांचं काम हाय. एक खाली, एक पायडलवर. आधी आमचे उस्ताद बसायचे. आता शेजारचा चहावाला अशफाक बसतो, तो जुम्म्याच्या नमाजला गेला." तो जरा घुटमळला. "तुमी... बसता का?"

"म्हणजे गिऱ्हाईकानंच काम करायचं?"

"चहा माझ्याकडून."

मी बसले. तो गाडीखाली सरकला आणि दिसेनासा झाला. उरला फक्त आवाज, अगदी माझ्या पायांखालून येणारा.

"दाबा... धरा. आता मी म्हणेपर्यंत सोडू नका हां." पान्याची टिचकी, बाटलीत ऑइलचे बुडबुडे, पुन्हा टिचकी. "हां... सोडा."

"मधेच सोडलं तर?"

"तर बाहेरची हवा आत. सगळी मेहनत पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून."

दाबा, धरा, सोडा. वीसेक वेळा तरी झालं असेल. मला हुकूम देणारे पुष्कळ आहेत — वरचे डॉक्टर, तालुक्याचे साहेब — पण इतक्या हळुवारपणे कुणी हुकूम दिल्याचं मला आठवत नाही. दर खेपेला पायडल थोडं घट्ट होत होतं. मनात मात्र काहीतरी मऊ पडत चाललं होतं.

मध्येच याडीचा, म्हणजे माझ्या आईचा फोन आला. मी आमच्या बंजारा बोलीत, गोरमाटीत, तिला सांगितलं, उशीर होईल. खालून आवाज आला, "याडीला सांगा, अर्ध्या तासात निघाल."

मी चमकले. "तुमी तांड्याचे?"

"मग! तुमाला काय वाटलं, याडी हा शब्द मला गाडीखाली सापडला?"

मी मोठ्याने हसले. मग अशफाक नमाजहून परतला, चहा आला, आणि गाडीखालच्या माणसाने आपलं नाव सांगितलं — विकास. मी माझं. फोन नंबर गाडीसाठी म्हणून दिला-घेतला. माझं नाव लिहून घेताना त्याने "मिना राठोड" असं सावकाश म्हटलं, आणि तो एवढा खूश का दिसला ते मला कळलं नाही. सगळा तालुका मला 'सिस्टर' म्हणतो. हा तेवढा त्या दिवशी 'मॅडम'वरच राहिला.

गाडी बाहेर काढताना मी सहज वर बघितलं. पत्र्याचा जुना बोर्ड, पण अक्षरं नुकतीच रंगवलेली: राठोड मोटार गॅरेज.

माझा चेहरा पडला असणार. राठोड! आमच्यात राठोडाची पोरगी आणि राठोडाचा पोरगा म्हणजे बहीण-भाऊ. मग ते दोन जिल्ह्यांचे असोत, सात पिढ्यांत एकमेकांचं तोंड न पाहिलेले असोत. तिथे कुणाची रदबदली चालत नाही, आणि मलाही ती चालवायची नव्हती. चहा अजून जिभेवर होता, आणि गोष्ट संपलीसुद्धा.

"येते, भाऊ," मी म्हटलं.

काच पुसणारा त्याचा हात तिथेच थांबला. मला वाटलं, त्यालाही आत्ताच कळलं असेल.

*

आठ दिवसांनी पायडल पुन्हा मऊ.

तुम्ही म्हणाल, हिंगोलीत दुसरं गॅरेज नव्हतं का? होती, ढीगभर. पण मी सकाळी नवी ओढणी घेतली आणि सरळ सेनगाव नाका गाठला. आरशात स्वतःला दटावलं, क्लचसाठी चाललेयस बरं का, दुसऱ्या कशासाठी नाही.

"भाऊ, खरं सांगा," मी उतरताच म्हटलं, "मी परत यावं म्हणून थोडी हवा आत ठेवली होती ना?"

मी चेष्टाच केली होती, पण त्याचं तोंड एवढंसं झालं. "मॅडम, माझ्या हातचं काम परत आलं तर मला जेवण जात न्हाई. कुठंतरी बारीक गळती हाय. मला सापडून न्हाई राहिली."

तो खरंच तासभर शोधत राहिला. टॉर्च घेऊन, फडकं फिरवून, बोटाने चाचपून. मी उंबऱ्यावर बसून त्याच्याकडे बघत होते आणि दर पाच मिनिटांनी एक 'भाऊ' टाकत होते. 'भाऊ, चहा घ्या.' 'भाऊ, कपाळ पुसा.' स्वतःलाच बजावायला म्हणत होते मी. त्याला लागत होतं ते मला दिसायचं, आणि त्याला लागतंय याचं बरंही वाटायचं. असलं वेडं मन.

बोर्डावर काहीही असो, माणूस कोण, घराणं कुठलं, एवढं साधं विचारायला काय झालं होतं? तेच तर विचारता येत नाही. आमच्यात पोरीने पोराला "तुमचं घराणं कोणतं?" असं विचारणं म्हणजे अर्धी मागणी घातल्यासारखंच. आणि बोर्डावर एवढ्या ठळक अक्षरांत उत्तर लिहिलेलं असताना विचारायचं तरी काय?

शेवटी पुन्हा हवाच काढायची ठरली. अशफाक दुकानात होता, चांगला रिकामा बसला होता. त्याला हाक मारावी असं दोघांनाही सुचलं नाही. मी पायडलवर, तो खाली.

"दाबा... धरा." मग अगदी सहज, "घाई न्हाई ना गाडीची?"

"पुढच्या रविवारी पुसदला जायचंय. चढाचा रस्ता आहे, गाडी धड पाहिजे."

"पुसदला काय?"

मी समोरच्या काचेवरची हळदीची धूळ बघत म्हटलं, "घर बघायला. मास्तर आहे मुलगा. बापू म्हणतात, आवडलं तर तिथंच होकार द्यायचा."

खालचं काम थांबलं. ना पाना, ना बुडबुडे. मी धरून होते. पायाला रग लागली.

"भाऊ...? सोडू?"

"हां..." फार वेळाने आवाज आला. "सोडा."

निघताना त्याने ऑइलची छोटी बाटली दिली. "रोज डबी बघा, कमी वाटलं तर घाला. शनिवारी या. मी नांदेडहून पायडलकडचं अन् इंजिनाकडचं, दोन्ही रबरं घेऊन ठेवतो. कायमचं करून देतो." आणि मग गॅरेजच्या आतल्या अंधाराकडे बघत, "पुसदच्या चढावर तुमाला तकलीफ व्हायला न्हाई पाहिजे."

घरी जाताना मला सगळ्याचाच राग आला. गाडीचा, बोर्डाचा, आणि सगळ्यात जास्त त्याच्या त्या प्रामाणिकपणाचा.

*

शनिवारी बापू सोबत आले. हिरासिंग राठोड, आमच्या तांड्यात ज्यांच्याशिवाय कुणाची सोयरीक पुढे सरकत नाही, ते माझे वडील. उद्या पोरीला घेऊन जायचंय तर गाडी नजरेखालून घालावी, असं त्यांचं म्हणणं. वाटेत त्यांनी माझ्याकडे दोनदा निरखून बघितलं.

विकासने त्यांना वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली. माझ्याकडे बघितलं नाही. मग खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यात हळद होती.

"पूजा करून राहिला का काय क्लचची?" बापूंनी विचारलं.

"गळती शोधायची हाय, काका. आमच्या उस्तादांची पद्धत. ऑइलला रंग नसतो, डोळ्याला दिसत न्हाई. सुकी हळद भुरभुरली की जिथं ह्या ऑइलची ओल लागंल तिथं ती चुन्यानं पडते तशी लाल पडते."

त्याने पाइपाच्या सांध्यांवर चिमटीने हळद टाकली, पायडलच्या मागे, मॅट उचलून खालीसुद्धा. मला पायडल दाबत राहायला सांगितलं. पंधरा-वीस मिनिटं आम्ही तिघे बघत बसलो. इंजिनाकडची हळद पिवळीच राहिली. आणि पायडलच्या मागे, आत अंधारात, एक गव्हाएवढा ठिपका हळूहळू लालसर झाला.

"सापडलं!" विकास ओरडला. दोन आठवड्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा उजळला. मग त्याला आठवलं असावं की हे सापडलं म्हणजे मी उद्या चालले. तो खाली बघून पाने गोळा करायला लागला.

नवं रबर बसलं. आता शेवटची हवा काढायची. मी पायडलवर, तो खाली, बापू गॅरेजच्या दाराला हात टेकून उभे. प्रत्येक 'सोडा'ला मी मनात म्हणत होते, अजून एकदा... अजून एकदाच. पायडल घट्ट होत चाललं होतं, आणि माझे डोळे भरून येत होते. घट्ट झालं की संपलं.

"दाबा... धरा. मी म्हणेपर्यंत सोडू नका."

पान्याची टिचकी झाली. आणि बापूंनी, तांड्यातला कुठलाही म्हातारा पहिल्या पाच मिनिटांत विचारतो ते, शेवटी एकदाचं विचारलं, "पोरा, तू राठोड म्हणजे कोणत्या तांड्याचे राठोड?"

खालून आवाज आला, "मी राठोड न्हाई, काका. चव्हाण. वसमतकडचा, फुलसिंग चव्हाणाचा."

"अन् बोर्ड?"

"उस्तादांचा. उत्तमसिंग राठोड. डोळे गेले म्हणून पोरीकडं राहायला गेले ते. गॅरेज मला दिलं, पण नाव कसं काढू? दर दिवाळीला मीच रंगवतो."

चव्हाण!

माझा पाय कधी उचलला गेला, मला कळलंच नाही. पायडल फटकन वर आलं, खाली 'सुर्र' असा आवाज झाला आणि विकास ओरडला, "अहो मॅडम! काय केलं! सगळी हवा आत गेली!"

मी दार उघडून खाली वाकले. तो गाडीखालून अर्धा बाहेर आला होता. कपाळावर, गालावर हळदच हळद, त्यावर ऑइलचे थेंब.

"विकास," मी म्हटलं.

त्याने डोळे मिचकावले. "...भाऊ राहिलं, मॅडम."

"तो बोर्डावर होता." मी बाहेरच्या बोर्डाकडे हात केला. "मला वाटलं तुमी राठोड. म्हणून म्हणत होते. दर वेळेला जिवावर यायचं माझ्या."

"अन् मला वाटलं, मी तुमाला आवडून न्हाई राहिलो, म्हणून दर वेळेला आठवण करून देऊन राहिल्या..." तो थांबला. त्याच्या मागे कुणीतरी खाकरलं तेव्हा आम्हाला दोघांनाही बापू आठवले. तो गडबडीने उठायला गेला आणि डोकं बंपरला आपटलं.

बापूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्या पिवळ्या तोंडाकडे.  माझ्या छातीत ते तीन ट्रॅक्टर पुन्हा हॉर्न वाजवत होते.

"मिना, पुसदच्या मास्तरात काही खोट हाय?" बापूंनी विचारलं.

"न्हाई, बापू. चांगला असेल." मी श्वास घेतला. "पण मला इथंच आवडलं."

"अन् तू रे? काही बोलशील का बंपरच चोळत बसशील?"

विकासने कपाळावरचा हात खाली घेतला. "काका, पहिल्या दिवशी गाडी ढकलली तेव्हाच. पण त्या भाऊ म्हणल्या. मग मी गाडी तरी धड करून द्यायची ठरवली."

बापू पुन्हा खुर्चीत बसले. "दोन आठवडे झाले," ते कुणालाच उद्देशून नाही असे पुटपुटले, "गाडीपेक्षा पोरगीच जास्त बंद पडून राहिली. हिची याडी म्हणाली होती मला." मग त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि रस्त्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, "मास्तरचे वडील का? राम राम. उद्या जमत न्हाई आमाला. न्हाई, न्हाई, खोळंबून राहू नका, दुसरं चांगलं स्थळ बघा पोराला... व्हय, गाडीचं काम निघालं... न्हाई हो, मेकॅनिक चांगला हाय. आमच्या पोरीनंच पायडल सोडलं."

फोन ठेवून त्यांनी अशफाकला तीन चहा सांगितले आणि विकासला विचारलं, "तुझे वडील घरी कोणत्या वारी भेटतात?"

"कोणत्याबी, काका."

"मग आधी ही गाडी कर. वसमतला जायला लागंल."

विकास पुन्हा गाडीखाली सरकला. मी पुन्हा बसले. सगळं पहिल्यापासून. ओढणीच्या टोकाला त्याच्या कपाळाची हळद लागली होती, ती कधी लागली ते मला अजूनही आठवत नाही.

"दाबा," पायांखालून आवाज आला. मी दाबलं.

"धरा... मिना."

मॅडम नाही. बापू चहात बघत होते, जणू त्यांना ऐकूच गेलं नाही.

"धरलंय," मी म्हटलं. "सावकाश होऊ द्या."