अठरा भिंगांचं झुंबर

आजोबांनी जन्मभर पुस्तकं बांधली आणि एकही चष्मा टाकून दिला नाही. ते गेल्यावर कपाटातून नऊ चष्मे निघाले. त्यांची नात चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायला होती. तिने भिंगं सोडवली, पातळ तारेत अडकवली आणि त्यांचं झुंबर केलं. वरून खाली नंबर चढत गेलेले. एकपासून अडीचपर्यंत.

झुंबर खिडकीत, आईच्या खुर्चीच्या वर टांगलं. आजोबा, म्हणजे तिचे वडील, गेल्यापासून आईने अंथरूण धरलं होतं. आता ती उठून तिथे बसू लागली, दोन घास खाऊ लागली. "बाबांची नजर आहे माझ्यावर," म्हणायची. नात भरून पावली.

महिन्याने एक तार तुटली. पडलेलं भिंग कुठल्या रांगेतलं हे कळावं म्हणून नातीने ते दुकानातल्या यंत्राखाली धरलं. तीन.

आजोबांना तीनचा चष्मा कधी नव्हताच. तिने कोऱ्या भिंगांवर यंत्र पडताळलं. यंत्र चोख होतं. दुसऱ्या दिवशी तिने सगळीच भिंगं नेऊन पाहिली. अठराच्या अठरा तीन.

पुढच्या सोमवारी चार. त्याच्या पुढच्या, पाच.

"हाताला चळ लागलाय का तुझ्या?" आई म्हणाली. "सारखी आपली त्यांना खाली उतरवतेस."

दुकानाच्या मालकांनी तिला चार दिवस रजा घ्यायला सुचवलं. वर गमतीने म्हणाले, वय वाढलं की नंबर वाढायचाच, आजोबांचं वय थांबलं नसेल. तीही हसली. घरी परतताना मात्र तिने मनात हिशोब मांडला. आजोबांना वयाने दिलेला नंबर अडीचवर संपला होता. पुढचा लागतो तो काही फार जवळून पाहायचं असेल तर. तीन नंबरला फूटभरावरून. पाचला वीतभरावरून.

तिने झुंबर उतरवायचा विषय काढला.

"उतरव," आई शांतपणे म्हणाली. "मी पुन्हा आडवी पडेन. मग उठवू नकोस."

झुंबर राहिलं.

सोमवारी तिने एकच भिंग नेलं. दहा. म्हणजे चार बोटांवरून.

ती काम टाकून घरी आली. खोलीत ऊन होतं, वारा नव्हता. आई आपला चष्मा लावून, मान वर करून, हसऱ्या चेहऱ्याने बसली होती.

"आई, काय बघतेस?"

"काही दिसत नाही गं. चष्म्यावर वाफ आलीय."

नात वाकली. वाफ काचेच्या बाहेरच्या बाजूला होती. तिने ती बोटाने पुसली.

ती पुन्हा आली. विरली. पुन्हा आली.