खडीत हरवलेली बारा झाडं

“कुठायत ती दगडझाडं? आधी तीच बघायची!” सायकल भिंतीला टेकवता टेकवताच अक्काताई ओरडली.

“दम धर की गं!” तिचा धाकटा भाऊ रवळू धापा टाकत म्हणाला. “वडगावपास्नं निस्तं पळवत आणलीस आम्हांस्नी!”

पण अक्काताईला दम कुठला! सुट्टीत शाळेच्या यशोदाबाई वनस्पती उद्यान दाखवणार, हे कळल्यापासून तिचा पाय घरात ठरत नव्हता. आफ्रिकेतली झाडं, अन् दिसायला हुबेहूब गोटे! दोनच जाड पानं, त्यांत पाणी साठवलेलं. खडीत बसली की ओळखूच येत नाहीत म्हणे!

बाईंच्या मागोमाग रवळू, अक्काताई आणि तिच्या वर्गातला मायाप्पा काचघरात शिरले. निवडुंग होते, कोरफडी होत्या. पण ‘दगडझाडे’ अशी पाटी असलेला वाफा मात्र रिकामा! नुसती काळी माती.

वाफ्यापुढं बागेचे साहेब म्हाताऱ्या माळ्यावर, भरमाअण्णांवर कडाडत होते. “बाराच्या बारा गेली! कुणाला विकलीस? संध्याकाळी पोलिसांत देतो तुला!”

“न्हाय हो साहेब! काल मी रजेवर हुतो. किल्ली हापिसात दिलती!” अण्णा कळवळून म्हणाले.

अक्काताई वाफ्याजवळ गेली. तिनं वाफ्याभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली. मातीवर फावड्याचे लांबच लांब ओरखडे होते.

“मायाप्पा, चोर झाडं उपटून नेईल. ह्यानं तर सगळी खडीच खरवडून नेलीया!”

“खडी कशाला चोरंल कोण?”

इतक्यात बाहेर धडधड ऐकू आली. रोलर! बागेत नवी वाट होत होती.

“साहेब, वाटेला खडी कुठली आणली?” तिनं विचारलं.

“मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस! उद्या पाहुणे यायचेत. बागेतले दगडगोटे गोळा करून वाटेवर टाका, असं मीच मजुरांना...”

पुढचं ऐकायला अक्काताई तिथं होतीच कुठं! ती वाऱ्यासारखी बाहेर धावली. अर्धी वाट दाबून झाली होती. रोलर पुढच्या ढिगाकडे सरकत होता.

“निल्लिसी! निल्लिसी!” मागोमाग धावलेला मायाप्पा आपल्या घरच्या कन्नडात ‘थांबवा’ म्हणून ओरडत आडवा उभा राहिला. ड्रायव्हरनं घाबरून रोलर थांबवला. “चहा घेऊन येतो. तेवढ्यात काय ते करा!” असं म्हणून तो खाली उतरला.

पण समोर हजारो गोटे! सगळे करडे, सगळे सारखे!

“आई गं! चटका बसला!” रवळूनं हातातला दगड टाकला. भर दुपारचं ऊन होतं.

अक्काताईचे डोळे चमकले. “अरं, पाणी असलेलं एवढं तापंल का? जे गार लागंल, ते झाड!”

मग काय! तिघंही गुडघ्यांवर बसली. यशोदाबाईंनीही पदर खोचला. तापलेल्या खडीवर हात भराभर फिरू लागले.

“घावलं!” रवळू किंचाळला. मुळांसकट एक गुबगुबीत झाड! मग दुसरं, पाचवं, नववं... ड्रायव्हर परतला, तर मागनं बाहेर आलेले साहेबच हात जोडून त्याच्यापुढं उभे! “थोडं थांब बाबा!”

अकरा सापडली. बारावं दाबलेल्या वाटेत चपटं होऊन पडलं होतं, भोवती ओलसर डाग. अक्काताई त्याच्याकडे बघतच राहिली.

“भरमा,” साहेब खाली मान घालून म्हणाले, “हुकूम माझा, चौकशी न करता आळ घेतला तोही मीच. मला माफ कर.” मग मुलांकडे वळून म्हणाले, “शाबास रे! आम्ही डोळे असून आंधळे ठरलो.”

यशोदाबाईंनी तिघांच्या पाठी थोपटल्या. अक्काताईच्या तळहातांना फोड आले होते. भरमाअण्णांनी ते पाहिलं, घागर आणली आणि ओंजळीवर हळूहळू पाणी सोडलं.

“लई भाजलं न्हवं?” ते म्हणाले. घागर रिकामी होईपर्यंत ते पाणी ओततच राहिले.