बावीस भरले

हे माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत घडलंय. ती आयुष्यात एकदा मोठं खोटं बोलली, तेही याच गोष्टीत आहे. पण मला हे सांगताना ती खोटं बोलत नव्हती.

आणि हे रात्रीचं नाही. दुपारी तीनच्या लख्ख उन्हात, भर समुद्रात घडलं.

अंगाने एवढीशी, म्हणून घरात सगळे तिला चिमाताई म्हणतात. ती पर्यटकांच्या बोटीवर गाईड होती. सकाळी बेटावर न्यायचं, जेवू घालायचं, मग प्रवाळांपाशी बोट थांबवून लोकांना पोहायला सोडायचं. परत निघताना डोकी मोजायची. बावीस नेले, बावीस आणायचे.

एकदा तिने मोजलीच नाहीत.

आभाळ भरून आलं होतं. दोघंतिघं उलट्या करत होते. कॅप्टनकाकांनी वरून विचारलं, "भरले का गं?"

"भरले!"

एक बाई पाण्यातच राहिल्या. पन्नाशीच्या, एकट्याच आलेल्या. संध्याकाळी हॉटेलवाल्यांचा फोन आला तेव्हा कळलं.

त्या सापडल्या नाहीत.

चौकशीत चिमाताई म्हणाली, "मी मोजत होते. काकांनीच घाई केली."

काकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं. बोलले काहीच नाहीत. त्यांचं लायसन गेलं. हिची नोकरी राहिली.

पुढच्या मोसमात, नव्या कॅप्टनबरोबर, ते सुरू झालं.

प्रवाळांवरून निघताना तिने मोजलं...

तेवीस.

पुन्हा मोजलं. तेवीसच. नेले होते बावीस.

एकेक चेहरा निरखला. सगळे सकाळचेच. मग यादी काढून नावं घेतली. प्रत्येकाने "हो" म्हटलं. शेवटचं नाव झालं. तिने यादी मिटली...

मागून आणखी एक "हो" आलं.

बाईचा आवाज. हळू, दम लागल्यासारखा.

मागच्या बाकावर कुणीच नव्हतं. पण तापलेल्या लाकडावर ओला डाग होता. एक माणूस बसेल एवढा.

त्यानंतर रोज. एक जास्त.

सांगणार कुणाला? सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. ती मुकाट्याने एक वजा करायला शिकली.

मग एके दिवशी मोजलं, तर...

बावीस.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आज त्या आल्या नाहीत. बाईंनी माफ केलं आपल्याला! तिने नव्या कॅप्टनला हात केला. बोट निघाली.

जरा वेळाने मागे एक माणूस धडपडत उठला.

"थांबवा! अहो, माझी बायको कुठंय?"

"पाण्यातून वर आल्या होत्या ना?"

"आली म्हणजे काय! आत्ता इथे बसली होती. माझा डोळा लागला तेव्हा खांद्यावर डोकं होतं तिचं..."

त्याचा खांदा ओलाचिंब होता.

आणि दूर, मागे, पाण्यात एक हात हलत होता.

बायको वाचली. चिमाताई किनाऱ्यावर उतरली ती तडक काकांच्या घरी. काका अंगणात इंजिनाचा प्लग घासत बसले होते. तिने उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं.

"मी मोजलंच नव्हतं, काका. आणि तुमच्यावर ढकललं."

"माहीत आहे मला," काका म्हणाले. "तू उलट्यांच्या पिशव्या धरत होतीस. वरून दिसत होतं. म्हणून मीच मोजलं."

"तुम्ही?"

"दोनदा. बावीस भरले, चिमे."

"मग चौकशीत का नाही बोललात?"

"काय बोलू? बाई पाण्यात होत्या आणि बोटीत बावीस होते, असं?"

इतके दिवस तिला वाटत होतं, त्या बाईच येतात. तिला शिक्षा द्यायला.

पण काकांनी मोजलं त्या दिवशी तर बाई पाण्यात होत्या. जिवंत.

मग त्यांच्या जागी बसलं कोण होतं?

चिमाताईने लेखी कबुली दिली, नोकरी सोडली. काकांना लायसन मात्र परत मिळालं नाही. वय झालं म्हणे.

मागच्या महिन्यात मी तिला विचारलं, "आता तरी सुटल्यासारखं वाटतं का गं?"



"बोटी अजून रोज जातात रे तिकडे," ती म्हणाली. "कुणीतरी मोजत असेल... आणि बरोबर भरत असतील."