मैनेला धक्का कोण मारणार?

सुरतेतल्या लिंबायतच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या त्या बुटक्या बोगद्यात, एक नवीकोरी पिवळी मोटार बंद पडली होती. मागे रिक्षांची रांग, रिक्षावाल्यांचे भोंगे आणि तोंडं, दोन्ही एकदम चालू. निशाही अशाच एका रिक्षातून वैतागून उतरली आणि डबा हलवत पायी निघाली. बरोब्बर गाडीच्या दाराशी पोचली, तेवढ्यात ते दार उघडलं.

"ओ बेन, जरा स्टिअरिंग धरता का? नुसतं सरळ धरायचं. मी मागून धक्का मारतो."

घामाघूम चेहरा, शर्टाची एक बाही वर, एक खाली. आणि असल्या गोंधळातही हसणारे डोळे! निशाला त्या हसण्याचाच राग आला.

"मराठी दिसता. मग ताई म्हणायला काय झालं?"

"बेन काय, इथे सगळ्यांनाच म्हणतात. ताई म्हटलं की... नातं लागतं."

तो मागे पळाला म्हणून बरं झालं. निशाच्या ओठावर आलेलं हसू त्याला दिसलं नाही.

ती आत बसली आणि बसताक्षणी गप्प झाली. सीटच्या कडेवरून तिचं बोट आपोआप कोपऱ्यापर्यंत गेलं. शेवटच्या टाक्याला एक गाठ जास्त! ही गाठ फक्त तीच मारायची. भेस्तानच्या शेडमध्ये ती मैना गाडीची सीटकव्हरं शिवायची, पण मैनेत बसायची वेळ आयुष्यात आज पहिल्यांदा आली होती. नव्या कापडाचा वास ओळखीचा होता आणि तिला उगीचच फार श्रीमंत झाल्यासारखं वाटत होतं.

मागून धापा ऐकू आल्या. "तुम्ही उतरून... जरा हात लावलात तर..."

"मी धक्काबिक्का मारणार नाही हं, आधीच सांगते. गाडी कोणाची?"

"कंपनीची."

"मग कंपनीला बोलवा!"

"कंपनीलाच सध्या धक्का हवाय हो," तो मागून ओरडला, "दिल्लीचा!"

हे मात्र खरं होतं. मैनेची कंपनी बुडत चालली होती. मालकाने सरकारपुढे हात पसरले होते आणि सरकारने त्याला पैसा देऊन वाचवावं की नाही, यावर पेपरवाले रोज भांडत होते. शेडमधल्या बायकाही भांडत होत्या. फरक एवढाच, की पेपरवाल्यांची नोकरी त्यावर अवलंबून नव्हती.

गाडी बोगद्याबाहेर आली. त्याने नाव सांगितलं, लोकेश. तो मैनेच्या सुरतेतल्या ऑफिसात होता. गिऱ्हाइकांना गाडी दाखवायची आणि शेडमधून कव्हरांचे गठ्ठे न्यायचे, ही त्याची कामं.

"गठ्ठे न्यायला तर दुसराच माणूस येतो," निशा म्हणाली.

"आत्तापर्यंत येत होता," लोकेश म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून गठ्ठे न्यायला लोकेश येऊ लागला. गठ्ठा तयार नसला तरी यायचा. एकदा येताना गरमागरम पोंक घेऊन आला, वर शेव आणि लिंबू. हुरड्याचा तो कोवळा वास शेडभर पसरला, तशी शेजारच्या मशीनवरची उषाबाई मोठ्याने म्हणाली, "कंपनी बुडाली तरी चालेल गं, हा पोरगा तेवढा राहू दे."

निशा लाजली, पण माघार घेणाऱ्यातली ती नव्हती. दर चौदा एप्रिलला विहारासमोर भाषण ठोकणारी पोरगी ती.

"बुडू दे कंपनी," ती पोंक चावत म्हणाली. "जी गाडी धक्क्याशिवाय चालत नाही, ती सरकारच्या पैशाने चालेल? आणि तो पैसा कोणाचा? काडेपेटी घेतली तरी आपण कर भरतो. मोटार आपल्याला जन्मात घेता यायची नाही, पण मोटारवाल्याला वाचवायचं आपण!"

"तू मालकाबद्दल बोलतेस. मी कामगारांबद्दल बोलतोय. त्यांनी काय पाप केलं?"

"माझ्या बाबांनी तरी काय केलं होतं?" निशाचा आवाज चढला. तिचे वडील बाजीराव साच्यांवर, म्हणजे यंत्रमागांवर, कापड विणायचे. मागांचं ते खातं चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वर्षी बंद पडलं, ते पुन्हा उघडलंच नाही. आता ते कापड मार्केटात रखवाली करत. "तेव्हा कोणी आलं दिल्लीहून? मोठा बुडाला की देश बुडतो आणि छोटा बुडाला की त्याचं नशीब... हा कुठला हिशोब?"

लोकेशने पोंकाचा पुडा बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाला, "तुझ्या बाबांसाठी कोणी आलं नाही, हे वाईटच झालं. पण म्हणून उषाबाईंसाठीही कोणी येऊ नये म्हणतेस... हा न्याय आहे, निशा, की सूड?"

तिने तोंड फिरवून मशीन सुरू केलं. वाद असा अर्धवट ती कधी सोडत नसे. घरी गेल्यावरही ती त्या प्रश्नावर चिडत राहिली, आणि विचारणाऱ्यावर चिडायला गेली तर चिडताच येईना. आपण याच्या प्रेमात पडलोय, हे तिला त्या संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता कळलं. भाकरी करपली, ते वेगळंच.

दिल्लीहून अधिकारी पाहणीला येणार असं ठरलं, तेव्हा मॅनेजरने लोकेशला बोलावून घेतलं. तिथून तो थेट निशाकडे आला. आज डोळे हसत नव्हते.

"साहेबांसमोर शिवणाऱ्या बायकांतर्फे तू बोलायचंस म्हणतात. घरची चूल कशी विझेल ते सांगायचं. डोळ्यांत पाणी आलं तर उत्तम."

"आणि मी बोलले तर?"

"मला कायम करणार आहेत." त्याने मान खाली घातली. "कायम झालो की... तुझ्या बाबांना भेटायला येणार होतो. पण मी तुला असं बोल, तसं बोल म्हणणार नाही. तुला पटेल तेच बोल."

घ्या! आग्रह केला असता तर भांडता तरी आलं असतं. निशाला पहिल्यांदाच भीती वाटली. चार खोटी वाक्यं आणि दोन थेंब पाणी, एवढ्यावर तिचं लग्न येऊन थांबलं होतं.

शेडसमोर मांडव पडला. खुर्चीवर साहेब, बाजूला मॅनेजर, समोर बायका. निशाने माइक हातात घेतला आणि लोकेशकडे बघायचं कटाक्षाने टाळलं.

"साहेब, मला रडायला सांगितलंय, पण मी रडणार नाही," तिने सुरुवातच अशी केली. "आमची पोटं पुढे करून मालक पैसा मागतोय. गाडी वाईट का निघाली, नफा झाला तेव्हा तो कुठे गेला, हे आधी त्याला विचारा. माझ्या बाबांचं खातं बंद पडलं तेव्हा कोणी आलं नाही. मग इथेही कोणी येऊ नये, असं मी म्हणायचे. पण तो सूड झाला. आज न्यायाचं सांगते. लोकांचा पैसा मालकाच्या हातात देऊ नका. द्यायचाच तर काम करणाऱ्यांना द्या. ही मशीनं आम्हांला द्या. मैना नसली तर आम्ही रिक्षाच्या सीटा शिवू. आमच्या हातांत काही खोट नाही. खोट आहे ती गाडीत!"

उषाबाईने पहिली टाळी वाजवली, मग सगळ्याच उठल्या. साहेब काहीतरी लिहून घेत होते आणि मॅनेजर पांढराफटक पडला होता. निशाने आता मागे पाहिलं. लोकेश उभा होता ती जागा रिकामी होती.

दिल्लीने पैसा दिला नाही. मालकालाही नाही आणि मशीनंही कोणी दिली नाहीत. शेडला कुलूप लागलं. निशा घरात दोन दिवस उदास बसली, तिसऱ्या दिवशी उठली आणि उषाबाईला घेऊन नवागाममध्ये एक खोली भाड्याने बघून आली. घरोघरची मशीनं तिथे जमली आणि रिक्षाच्या सीटा शिवून जाऊ लागल्या. काम मिळालं, हुरूप आला. गठ्ठा बांधताना मात्र रोज तिची नजर दाराकडे जायची, आणि रोज ती स्वतःवरच चिडायची.

आणि मग एका संध्याकाळी घरासमोरच्या गल्लीत ओळखीचा खोकला ऐकू आला. पिवळी मैना खोकत खोकत आली आणि ऐन दारातच बंद पडली.

"पगाराच्या बदल्यात हीच पदरात घातली त्यांनी," लोकेश उतरत म्हणाला.

"त्या दिवशी निघून गेलात."

"तुझ्या पहिल्याच वाक्याला मॅनेजरने खुणेने बाहेर काढलं. बाकीचं भाषण मी मांडवाच्या मागून ऐकलं. टाळ्याही तिथूनच वाजवल्या." तो थांबला. "नंतर यायला तोंड नव्हतं. कायम व्हायचं राहिलंच, होती ती नोकरीही गेली. उद्या मामाकडे नाशिकला जातोय. निरोप घ्यायला आलो."

निशाचा आवाज नेहमीसारखाच ठणठणीत निघाला.

"जायचं नाही. माझ्याशी लग्न करा."

लोकेश बघतच राहिला. मग कसंनुसं हसला. "निशा... मला वाचवायला निघालीस? बुडत्याला?"

"बुडाला तो मालक. तुम्ही कुठे बुडालात? आणि बुडत्या कंपनीला मी पैसा देत नाही, हे सगळ्या भेस्तानला माहीत आहे." तिने पदर खोचला. "मला रिक्षावाल्यांकडून ऑर्डरी आणायला आणि माल पोचवायला माणूस पाहिजे. बरोबरीचा भागीदार. शिवाय... तुम्ही मला आवडता. फार आवडता."

"हे दुसरं असतं ना," लोकेश म्हणाला, "ते आधी सांगायचं असतं."

"मग तुम्ही सांगा की आधी!"

"गरनाळ्यात सांगितलं होतं. ताई म्हणालो नाही, तेव्हाच."

दोघं एकमेकांकडे बघत उभी राहिली. एवढ्यात दारात कोणी खाकरलं. बाजीराव बनियनवर उभे होते, किती वेळ ते त्यांनाच ठाऊक.

"समदं आयकं मी," ते आपल्या अहिराणीत म्हणाले. त्यांनी लोकेशला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग गाडीला. "बंद पडी गई का?"

"हो काका... धक्का मारावा लागतो."

"मंग उभा कसाले ऱ्हायना? मी बसस आत. तुम्ही दोन्ही मारा धक्का."

ते ऐटीत आत बसले. लोकेशने त्यांना डावा पाय कुठे दाबून धरायचा आणि कधी सोडायचा ते दाखवलं. मागे येऊन बघतो तर निशा आधीच गाडीला हात लावून उभी.

"तू तर धक्का मारत नाहीस ना?"

"दुसऱ्याच्या गाडीला नाही मारत," निशा म्हणाली. "ही आपली आहे."

त्याचा हात तिच्या हातावर आला आणि तिने तो तसाच राहू दिला. दोघांनी खांदे लावून जोर केला. मैना हलली, खोकली आणि एकदम सुरू होऊन बाजीरावांना घेऊन गल्लीतून निघाली.

"काका, ब्रेक!" लोकेश ओरडला आणि निशाचा हात न सोडताच गाडीमागे धावत सुटला.