नऊ ओळी

वाचनालयातल्या खिडकीजवळच्या टेबलाशी ती दात-ओठ खात बसली होती. समोर स्क्रीनवर मोठ्या शांतपणे लिहिलं होतं – 'अशक्य ते घडले आहे. कृपया हा दोष कळवा.'

दोष हास्केल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या कंपायलरचा होता. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल असा करून द्यायचा, एवढंच त्याचं काम. पण तिचा रक्तपेढीचा प्रोग्रॅम दिसला की तो मान टाकायचा. तिने रीतसर ऑनलाइन तक्रार नोंदवली होती. उत्तर आलं – 'माझ्याकडे असं होत नाही. लहान करून पाठवा.'

"लहान करून म्हणे! चार हजार ओळी आहेत. पँट आहे का, दुमडून द्यायला?"

"अर्ध्या ओळी काढून टाका," समोरून आवाज आला. "तरी कंपायलर रडला, तर उरलेल्यातल्या अर्ध्या."

तिने मान वर केली. चष्म्याच्या काडीला चिकटपट्टी लावलेला एक तरुण.

"तुम्हाला हास्केल येतं?" तिने विचारलं. ही भाषा येणारी दोन माणसं एका टेबलाशी सापडणं, हेही तसं अशक्यातच जमा.

"येतं म्हणजे... ते उत्तर मीच लिहिलंय. फावल्या वेळात हे दोष तपासतो."

"म्हणजे तो खडूस म्हातारा तुम्ही?"

"म्हातारा नाही," तो म्हणाला. खडूसबद्दल त्याने हरकत घेतली नाही.

मग दर शनिवारी छाटणी सुरू झाली. चार हजारांच्या दोन हजार, दोन हजारांच्या तीनशे. दर वेळी तो विचारी, "रडला?" ती म्हणे, "रडला!" आणि दोघांचे चेहरे उजळत. तिच्या स्क्रीनवर ऊन आलं की तो न बोलता उठून पडदा ओढायचा, आणि ती न बघितल्यासारखं करायची.

"दर शनिवारी तुम्ही दोघं काय शोधता गं एवढं?" आईने कपड्यांच्या घड्या घालत विचारलं.

"दोष."

"सापडत नाही?"

"नाही ना."

"मुलगा बरा असला की वेळ लागतो," आई म्हणाली आणि पुढचा टॉवेल घेतला.

एका बुधवारी घरीच ती नऊ ओळींवर पोचली. आणखी एक जरी काढली तरी रडणं थांबत होतं. दोष मुठीत आला होता! उडी मारायला ती उठलीही, आणि परत खाली बसली. नऊ ओळी दिल्या की दुरुस्ती होणार, तक्रार बंद होणार... आणि शनिवारही.

तिने आठ ओळी परत घातल्या. तक्रारीखाली कुठल्याशा दूरच्या शिक्षकाने लिहिलं होतं – 'माझ्या वर्गाचंही अडलंय. काही प्रगती?' ते तिने चोरासारखं वाचलं.

शनिवारी त्याने तिच्या सतरा ओळींवरून नजर फिरवली. मग एकेक करत आठ पुसल्या. नेमक्या त्याच आठ.

"रडला," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला माहीत होतं."

"...बुधवारपासून."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि प्रत्येक तक्रारदाराला विचारायचे ठरलेले प्रश्न असावेत तशा सुरात म्हणाला, "काय केलंत?"

"ओळी लपवल्या."

"काय होईल असं वाटलं होतं?"

"तुम्हाला कळणार नाही. एखादा शनिवार जास्त मिळेल."

"आणि प्रत्यक्षात काय झालं?"

"त्या शिक्षकांना अडवून ठेवल्याची लाज वाटतेय. दुरुस्तीला पाठवून द्या त्या नऊ ओळी, आत्ताच. आणि... शनिवारची वाट आता सोमवारपासूनच बघते मी."

"एकदाच झालं, की दर वेळी होतं?"

"दर आठवड्याला."

त्याने नऊ ओळी पाठवल्या, मग उठून पडदा ओढला. ऊन तर कधीच सरकलं होतं. पडद्याची कड हातात धरूनच तो म्हणाला –

"माझ्याकडेही होतंय."